ठाणेदाराला मी शिकवलं

"सोड! सोड म्हंते ना त्याले! हात गेला वो, पोरीचा हात गेला!"

ही माझी माय. तिचा आवाज असा की ती आमच्या अंगणात ओरडली की वैनगंगेच्या पल्याडच्या बायका आपापली पोरं मोजून घेत. त्या सकाळी ओरडायला कारणही होतं. माझा उजवा हात मनगटापर्यंत एका अनोळखी कुत्र्याच्या तोंडात होता. मी मात्र हललेही नाही. आत सगळं गरम, ओलं, आणि चारी बाजूंनी दात. पण ते दात कातडीला नुसते टेकलेले होते, जशी कोंबडीखालचं अंडं उचलताना बाईची बोटं टेकतात. त्याने माझा हात हळूच खाली ओढला, एक पाऊल चालवलं, थांबला, आणि सोडून दिला. मग त्याने आपला खांदा माझ्या डाव्या गुडघ्याला टेकवला आणि एवढा मोठा श्वास सोडला, की माझा परकर फुगला. मी तिथल्या तिथे सांगितलं, "बा, हा मले पाहिजे."

"तुले पाहिजे?" माय म्हणाली. "त्याले तू पाहिजे, खायाले!"

कुत्रा झुरूभाऊंचा. झुरूभाऊ गोंड, दोन दिवसांच्या वाटेवरच्या रानातल्या गावचे. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर ते मध आणि डिंक घेऊन आमच्याकडे येत आणि तांदूळ घेऊन परत जात. त्यांच्या तोंडून वर्षभरात जेवढे शब्द निघत, तेवढे माझी माय एका शिंकेबरोबर उधळून टाकी. बा त्यांना म्हणाला, "झुरूभाऊ, चावते का हा?"

"नाई."

"शिकारीचा आहे?"

"नाई. सारे कुत्रे डुकरामागं पळते. हा मागं राह्यते."

"मंग पोसला काऊन?"

झुरूभाऊंनी तंबाखू मळली. आमच्या अंगणात पोपटांचा एक अख्खा थवा येऊन, भांडून, निघून गेला, तेव्हा कुठे उत्तर आलं. "उन्हाळ्यापासून त्याले कामच नाई. ठेवून घ्या."

आळशी कुत्रा, असा सगळ्यांनी अर्थ लावला. मीही लावला. मला तेव्हा कुत्रं आळशी असो की उद्योगी, काहीच फरक पडत नव्हता. माझी सतरा वर्षांची अख्खी जिंदगी त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला टांगलेली होती.

ते कसं, ते सांगते. माझे डोळे देवीच्या साथीत गेले. मी चार-पाच वर्षांची होते, ते गेल्याचं मला फारसं आठवत नाही, आणि रडगाणं इथेच संपलं. त्यानंतर बारा वर्षं माझे डोळे म्हणजे माझी थोरली बहीण गया. हातभर लांब बांबूची काठी, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती पुढे चालायची आणि सतत बोलायची: "खड्डा. शेण. बैल. दुसरा बैल. सावकार येऊन राह्यला, पदर घे." त्या काठीवर आम्ही दोघी अख्ख्या पंचक्रोशीत फिरलो, लग्नांत नाचलो, टेंभरं चोरली, एकदा तर मधमाश्या मागे लागल्यावर काठी न सोडता दीड कोस पळालो. हे सगळं लिहून घेणारी माझी भाची, गयाची लेक, तीस वर्षं शाळेत मास्तरीण होती. ती आत्ता लेखणी थांबवून म्हणते आहे, "मावशी, आई तर म्हणायची की दोन शेतं." मी तिला सांगितलं, तू मास्तरीण आहेस, मी लेखिका आहे, लिही दीड कोस.

त्या उन्हाळ्यात गयाचं लग्न झालं, नागभीडच्या पलीकडे. लाखोळीच्या डाळीचे वडे तळले होते, बाहेरून कडक, आतून मऊ, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास अंगणभर. मी बावीस खाल्ले, आणि वऱ्हाडातल्या एका बुढीशी पैज जिंकले. मग वऱ्हाडाच्या बैलगाड्या जुंपल्या गेल्या, घुंगरं वाजू लागली, आणि गयाने माझ्या हातातल्या काठीचं दुसरं टोक सोडलं. ते जमिनीवर पडलं. टक्, एवढाच आवाज. बावीस वड्यांचं पोट असून आतून सगळं रिकामं वाटलं.

पाऊस सरेपर्यंत घरात ठरलं की मला भद्रावतीकडे मामाच्या घरी पाठवायचं. मामीला दळण-कांडणाला हात हवे होते. माय मनानं वाईट नव्हती. तिला खरंच वाटत होतं की माझी सोय होते आहे. "तिथी आंगनातच विहीर आहे," ती चुलीपुढे बसून सांगायची, "जातं सोप्यात, न्हानी मागंच. तुले दाराबाहेर पाय टाकायचं कामच नाई पडत, पाह्य." ती हे सुख म्हणून सांगायची. मी भाताचा गोळा गिळायची विसरून जायची.

आता दुसरी गोष्ट, माझ्या दातांची. वडशाला करीमशेठची धानाची गिरणी होती. बा दरवर्षी आमचं धान तिथे घालायचा आणि मी बैलबंडीवर बसून सोबत जायची. धान घेताना व्यापारी आधी एक दाणा दाताखाली धरतो. वाळलेला दाणा कडकन दुभंगतो. ओला दाणा नुसता दबतो. आणि नुसता वरून वाळवलेला, लबाड दाणा आधी कडक लागतो आणि मग मधे रबरासारखा चिवट होतो. हे काम करीमशेठकडे एक म्हातारा करी. मी बारा वर्षांची असताना त्याने पास केलेल्या पोत्यातला दाणा सहज तोंडात टाकून मी म्हटलं होतं, "हे धान काल रात्री दवात होतं." पोत्याचा मालक तेव्हाच शपथा घ्यायला लागला, आणि ज्या माणसाला सकाळी सकाळी तीन देवांच्या शपथा घ्याव्या लागतात त्याचं धान ओलंच असतं. तेव्हापासून करीमशेठ मला 'पारबताबाई' म्हणू लागले. माझ्या मायनंही मला कधी पारबताबाई म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी म्हाताऱ्याचे दात गेले. करीमशेठ बाला म्हणाले, "भाऊ, जागा खाली आहे. लडकी के दात चाहिए."

"पन तिले रोज आनन कोन?" बा म्हणाला. "माये शेत आहे, बैल आहे."

"वोही तो बात है. तू सोबत बसला तर मला दोन माणसं पोसावी लागतील. एकटी आली पाहिजे." मग ते माझ्याकडे वळले. आवाजावरून कळलं, ते खाली न वाकता बोलत होते, जसं मोठ्या माणसाशी बोलतात. "पारबताबाई, दिवाळीनंतरचा पहिला बाजार. गिरणीच्या दुसऱ्या भोंग्याच्या आत माझ्या वजनकाट्यापाशी. एकटी. आलीस तर जागा तुझी. नाहीतर मी नागपूरहून माणूस आणतो."

त्यांचे मुनीम मागून फिसकन हसले. "शेठ, एक कोस आहे. मधात रेल आहे. मधात बाजार आहे. हे येते कुठी!"

मी म्हटलं, "येतो ना मुनीमजी. तुमी खुर्ची पुसून ठेवा." मोठ्या लोकांपुढे मी मुद्दाम पुरुषासारखी बोलायची, त्याने छाती रुंद वाटते. बंडीत बसल्यावर मात्र मी बैलांची पावलं मोजायला लागले, आणि शंभरानंतर आकडा चुकला.

म्हणून झुरूभाऊंचा कुत्रा. झुरूभाऊ जाताना दोन शब्द शिकवून गेले, कारण कुत्र्याला मराठी येत नव्हती. 'वरा' म्हणजे ये, 'हन' म्हणजे जा. नाव काय, तर म्हणाले, कुत्रा. नाव मी ठेवलं, कारण तो आमच्या गल्लीतून असा सावकाश, छाती काढून चाले, की बाया दाराआड होत: ठाणेदार. तो दिसायला कसा होता म्हणाल तर माय म्हणे मातकट, बा म्हणे पिवळा, शेजारीण म्हणे काळ्या पाठीचा. एवढे डोळस लोक आणि एकाचं एकाशी जुळेना. मग मी ठरवलं की तो निळा आहे, आणि तो शेवटपर्यंत निळाच राहिला.

माझ्याकडे वीस दिवस होते. जगात कुठे आंधळ्यांसाठी कुत्रे शिकवतात हे आमच्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे सगळं शास्त्र मला एकटीला शोधून काढावं लागलं. (भाची खोकते आहे. खोकू दे.) आधी गळ्यात दोर बांधला. दोर म्हणजे निव्वळ खोटारडा. कुत्रा थांबला की दोर ढिला पडतो, आणि दोर ढिला पडला हे कळेपर्यंत तुम्ही कुत्र्याच्या पुढे जाऊन कुंपणात उभे असता. पहिल्या दिवशी मी कुंपणात गेले, शेणखतात गेले, आणि पाटलाच्या ओसरीवर चालू पंचायतीत गेले. तिसऱ्या दिवशी मला गयाची काठी आठवली. काठी खोटं बोलत नाही. ती पुढची थरथर जशीच्या तशी मागे आणते. बाने बैलाच्या गळ्यातला जुना चामडी पट्टा कुत्र्याच्या छातीला बसेल असा कापला, त्याला ती काठी दोन्ही बाजूंनी घट्ट आवळली, आणि मी दुसरं टोक धरलं. ठाणेदाराने एक पाऊल टाकलं आणि मला त्याचा खांदा, त्याची मान, अगदी त्याने डोकं कुठे वळवलं तेही तळहातात आलं. उन्हाळ्यापासून जमिनीवर पडलेलं टोक कुणीतरी उचललं होतं. मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या. माय सूप पाखडत होती. पाखडायचा आवाज थांबला, पण ती काही बोलली नाही. माझ्या आठवणीत असं दोनदाच झालं.

आता त्याला पैसे तर देता येत नाहीत, मग मजुरी काय? झिंगे. आमच्याकडे पाऊस सरला की नदीचे बारीक झिंगे वाळवून मडक्यात भरून ठेवतात. चुलीवर नुसते भाजून, मीठ-मिरची आणि भेदराची, म्हणजे टमाट्याची, चटणी सोबत घेऊन भात खावा, असं जेवण राजाच्या नशिबात नाही. मी माझ्या वाटणीचे झिंगे परकराच्या ओच्यात बांधले. ठाणेदार वडाच्या पाराशी थांबला, की एक झिंगा. रेल्वेच्या फाटकाशी थांबला, की एक. गिरणीचं दार रोज कोण उघडून देणार, म्हणून आमच्याच गोठ्याला मी गिरणी ठरवलं. गोठ्याशी पोचलं की पाच झिंगे. माय ओरडायची, "मानसाले नाई मिळत अन् कुत्र्याले झिंगे! उद्या पंगतीत बसव त्याले!" पण ठाणेदार शिकत होता! असा भराभर शिकत होता, की मला माझ्याच हुशारीची भीती वाटायला लागली. मी 'डावीकडे' म्हणायच्या आधी तो डावीकडे वळे. मी न शिकवता तो अर्धं पाऊल पुढे राही, खांदा माझ्या गुडघ्याला लावून. कुठे उंच-सखल असलं की तो थांबून श्वास जोरात सोडी. मी सगळ्या गावाला सांगितलं, हे पाहा, श्वास सोडायचं मी शिकवलं. खरं तर तो श्वास मला कळायलाच एक अख्खी सकाळ आणि एक परकर लागला होता.

ती सकाळ अशी. आम्ही धुऱ्यावरून चाललो होतो, म्हणजे दोन बांध्यांच्या, भाताच्या खाचरांच्या, मधल्या मातीच्या वरंब्यावरून. आमचे धुरे मला पाठ होते. बाच्या तीन बांध्यांचे मिळून दोनशे साठ पावलं. एकशे चाळिसाव्या पावलाला ठाणेदार थांबला आणि श्वास सोडला. मी म्हटलं, हन. तो नाही. मी काठी ढकलली. तो आडवा झाला आणि आपलं अख्खं अंग माझ्या पायांना लावून उभा राहिला, भिंतीसारखा. मला राग आला. वाटलं, उंदराचा वास आला असेल, नाहीतर खेकड्याचा. बाच्या धुऱ्यावर मला कोण थांबवणार? मी त्याला ओलांडून पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत चिखलात गेले. कापणीच्या आधी बांधीतलं पाणी सोडायला धुरा फोडतात. बाने तो पहाटेच फोडला होता आणि सांगायला विसरला होता. वर ठाणेदार पट्ट्यावर सगळा जोर देऊन उभा, खाली काठी धरून मी. त्याने मला ओढून काढलं, बैल गाडी काढतो तसं. आणि वर आल्यावर माझा हात पुन्हा तोंडात धरला, पहिल्या दिवसासारखा, दात नुसते टेकवून. धुऱ्यापलीकडून बा हातातला विळा टाकून धावत आला, आणि मला पाहून मटकन खाली बसला. "मीच फोडला वो," तो म्हणाला. "मीच." त्या दिवसानंतर दोनशे साठ पावलं मोजायचं मी सोडून दिलं.

बाजाराचा दिवस उजाडला. मायने भल्या सकाळी आंबील प्यायला दिलं, डोक्याला तेल लावलं, आणि मामाच्या घरी न्यायची माझी पेटी दाराशी काढून ठेवली. माझा पाय तिला लागला तेव्हा कळलं. ओच्यात झिंगे बांधायला मडक्यात हात घातला, तर मडकं रिकामं. वीस दिवसांत ठाणेदाराने वर्षाची बेगमी संपवली होती. "मी बोलली होती ना?" माय म्हणाली. तिच्या आवाजात आनंदही नव्हता आणि दुःखही. ती नुसती मडक्यासारखी बोलली. बा फाटकापर्यंत मागे मागे येतो म्हणाला. मी म्हटलं, "एकटी म्हणजे एकटी." तरी तो बराच वेळ मागे येत होता, त्याच्या वहाणेचा एक अंगठा सैल होता, तो मला पाऊण कोसावरून ऐकू येई.

पहिला भोंगा आम्ही पाराशी ऐकला. ठाणेदार थांबला, झिंग्याची वाट पाहिली. मी रिकामा हात चाटवला. फाटकाशी छोटी गाडी जाईपर्यंत थांबलो. ती गाडी अशी संथ, की रानात उतरून माणूस टेंभरं तोडून पुन्हा मागच्याच डब्यात चढे. पण त्या दिवशी तिने जेवढा वेळ खाल्ला तेवढा मी तिला अजून माफ केलेला नाही. फाटक ओलांडलं आणि बाजार सुरू झाला. मला बाजार म्हणजे एकदम हजार आवाज आणि पाचशे वास: गुळाचा, बैलांचा, नव्या मडक्यांचा, जोंधळ्याच्या कडब्याचा. ठाणेदार त्यातून मला असा काढत होता, जसा सुईतून दोरा. आणि मग एक वास आला.

वाळलेले झिंगे.

भोई बायकांची सुक्या मासळीची रांग गिरणीच्या वाटेला लागूनच बसे. बारा वर्षं त्या रांगेपुढून गेले होते, गया म्हणायची, "नाक धर, आली." आणि मी शहाणीने वीस दिवस या कुत्र्याला एकच गोष्ट घोकून दिली होती: जिथे झिंगे, तिथे मुक्काम. काठी झटकन डावीकडे वळली. मी "नाई! हन!" म्हणेपर्यंत आम्ही टोपलीत होतो. आम्ही म्हणजे तो तोंडाने आणि मी गुडघ्याने.

"अवो बाई! कोनाचा आहे हा? माया टोपला खाऊन राह्यला!"

"मावशी, थांब! ठाणेदार, सोड!"

"ठाणेदार?" भोईण म्हणाली. "ठाणेदार फुकट खातेच, त्यात नवीन काय आहे वो!" अख्खी रांग हसली. मागून कोणी म्हणालं, "आंधरीले कुत्र्यानं बाजार दाखोला." कोणी म्हणालं, "आन तिले मामाच्या घरी नेऊन घाल." आमच्या घरचं आमच्या अंगणाबाहेर कसं जातं, मायच्या आवाजाचा हिशेब मी वर दिलाच आहे. मी काठी ओढली. ठाणेदार टोपलीसमोर खाली बसला होता, गोठ्यापुढे बसतो तसा. त्याच्या लेखी आम्ही पोचलो होतो. बायका हसत होत्या, कुठूनतरी बंडी येत होती, आणि दुसऱ्या भोंग्याच्या आधी इंजिन जसं गुरगुरतं तसं गिरणीचं इंजिन गुरगुरायला लागलं होतं.

तेव्हा मी जे केलं ते मी शूर होते म्हणून केलं, असं मी पन्नास वर्षं सांगत आले. आता म्हातारपणी खोटं कशाला. मला राग आला होता, एवढंच. बहीण गेली, आता कुत्राही गेला, तर जावा. मी काठी टाकली. टक्. आणि इंजिनाच्या आवाजाकडे तोंड करून हात पुढे धरून एकटी चालायला लागले. एक पाऊल, दुसरं, कुणाचं तरी पोतं, तिसरं. उजवीकडून बंडी अगदी अंगावर आली, बैलाचा श्वास माझ्या गालाला लागला आणि गाडीवान ओरडला, "ए! पाह्य ना समोर!" मला उजवं-डावं कळेना. मी तशीच उभी राहिले.

मागे टोपली पालथी झाल्याचा आवाज झाला. जमिनीवरून काठी घासत येत असल्याचा आवाज आला, खर्रर्र. आणि माझ्या डाव्या गुडघ्याला खांदा लागला. तोंडाला झिंग्यांचा असा वास, की चार घरं जेवली असती. पण त्याने माझा हात दातांत धरला, खाली ओढला, एक पाऊल मागे नेलं आणि थांबला. बंडी गेली. त्याने श्वास सोडला. मी चाचपडून काठी उचलली. त्यानंतर त्या रांगेत आणखी सहा टोपल्या होत्या, आणि ठाणेदाराने एकीकडेही मान वळवली नाही. वळवली असती तर मला तळहातात कळलं असतं.

दुसरा भोंगा वाजला तेव्हा माझा पाय काट्याच्या फळीला लागला होता. मुनीम म्हणाले की भोंगा आधी वाजला. करीमशेठ म्हणाले, "मुनीमजी, खुर्ची पुसा." मग त्यांनी एकामागून एक तीन मुठी माझ्या हातावर ठेवल्या. पहिलं धान कडकन फुटलं. दुसरं अजून चार दिवस उन्हाला हवं होतं. तिसरं आधी कडक, मग चिवट. मी म्हटलं, "हे वरूनच वाळवलेलं आहे, आणि याचा मालक माझ्या मागे उभा राहून नखं खाऊन राह्यला." मागची नखं थांबली. करीमशेठ बराच वेळ हसले. म्हणाले, "बैठ जाओ. कुत्रा उंबऱ्याच्या बाहेर." आणि मग त्यांच्या जोड्यांचा आवाज बाहेर गेला, मडक्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ठाणेदाराचं लपलप पिणं. संध्याकाळी मी घरी आले तर पेटी दाराशी नव्हती. माय म्हणाली, "हात धू, वास येऊन राह्यला," आणि माझ्या ताटात भात वाढताना पळी दोनदा आदळली.

पुढचं वर्षभर मी काय मिरवले असेन! जो भेटेल त्याला मी कुत्रा कसा शिकवला ते सांगायची. काठीचं शास्त्र, झिंग्यांचं शास्त्र, श्वासाचं शास्त्र. दोन गावचे लोक आपले कुत्रे घेऊन माझ्याकडे आले. त्यातला एकही अर्धं पाऊल सरळ चालला नाही, तेव्हा मी म्हणायची, कुत्र्यात नाही, गुरूत आहे, आणि गुरूला वेळ नाही. मग पुन्हा दिवाळी तोंडावर आली आणि झुरूभाऊ मध घेऊन आले. ठाणेदार त्यांच्याभोवती दोनदा फिरला आणि परत येऊन माझ्या गुडघ्याशी बसला. मी झुरूभाऊंना पाटावर बसवलं, आंबील दिलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. धुरा किती खोल होता (मी तो विहिरीएवढा केला), बाजारात किती बंड्या होत्या (चाळीस), आणि झिंग्यांचा डोंगर सोडून तो कसा माझ्याकडे आला, केवळ माझ्या शिकवण्यामुळे. ते ऐकत होते. मधून तंबाखू मळल्याचा आवाज येत होता. शेवटी मी म्हटलं, "खरं सांगा भाऊ. जल्मात पाह्यलं का असं शिकोलेलं कुत्रं?"

झुरूभाऊंनी तंबाखू तोंडात टाकली.

"त्याची माय आंधळी होती," ते म्हणाले. "तवाच्या उन्हाळ्यात मेली."